ओफीर : एका हिब्रू स्थलनामाचा अर्थ आणि आपला सोपारा

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुरतेहून मुंबईला जाणारी फ्लाइंग राणी नवसारी, वलसाड, वापी मागे टाकते, डहाणू-पालघर ओलांडते, आणि विरार सोडल्यावर काही मिनिटांतच एक दाट वस्तीचे उपनगर खिडकीबाहेरून सरकून जाते. फलाटावरील पाटीवर 'नालासोपारा' असे नाव असते. नाळे आणि सोपारा अशी ही दोन गावे. त्यांची नावे रेल्वेने एकत्र बांधली. सुरतेतील मराठी माणूस या स्थानकावरून शेकडो वेळा गेलेला असतो. परंतु या पाटीतील उत्तरार्धाचा संबंध बायबलातील शलमोन राजाच्या सुवर्णनगरीशी जोडला गेला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शलमोनाची गलबते ज्या 'ओफीर' नावाच्या ठिकाणाहून सोने आणीत, ते ओफीर म्हणजेच आपला सोपारा, असे मत एकोणिसाव्या शतकात मांडले गेले. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरातही त्याची नोंद आहे. ओफीर या नावाचा अर्थ काय, त्याचे महत्त्व कोणते, आणि सोपाऱ्याचा त्यावरील हक्क कितपत टिकतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

एका शब्दाची अशी चिकित्सा करण्यास सुरत ही जागा अपरिचित नाही. 'मराठी भाषेचे पाणिनी' म्हणून गौरविले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर याच शहरात शिक्षक म्हणून राहिले होते. दुर्गाराम मेहताजींच्या सहवासात १८४४ मध्ये येथे जी मानवधर्मसभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत दादोबा होते. शब्द पारखून घ्यावा, आणि परंपरेने आले म्हणून काहीही न तपासता स्वीकारू नये, या दोन गोष्टी त्या काळापासून या शहराच्या परिचयाच्या आहेत. आजच्या विषयाला या दोन्हींची गरज लागणार आहे.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळू. बायबलाच्या जुन्या करारात ओफीर हे नाव वेगवेगळ्या संदर्भांत आढळते. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात शलमोन राजाने तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील एसयोन-गेबेर येथे गलबतांचा काफिला उभारल्याचे वर्णन आहे. सोर नगरीचा राजा हीराम याने आपले जाणते खलाशी दिले. हे लोक ओफीरला गेले आणि तेथून चारशे वीस किक्कार सोने घेऊन आले. 'दुसरे इतिहास' या पुस्तकात हाच आकडा चारशे पन्नास आहे. एक किक्कार साधारण तीस ते चौतीस किलोंचा धरला, तर हे सोने बारा ते पंधरा टन भरते. पुढे दहाव्या अध्यायात ओफीरहून सोन्याबरोबर मौल्यवान रत्ने आणि एका दुर्मीळ जातीचे लाकूडही आल्याचे सांगितले आहे. शलमोनानंतर यहोशाफाट राजाने तसाच काफिला बांधला. पण त्याची गलबते एसयोन-गेबेर येथेच फुटली आणि ओफीरला कोणी पोहोचले नाही.

ही झाली प्रवासवर्णने. परंतु ओफीरचा उल्लेख याहून वेगळ्या दोन प्रकारांनीही होतो. 'उत्पत्ति' या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात नोहाच्या वंशजांची यादी आहे. तेथे ओफीर हे एका पुरुषाचे नाव आहे. यक्तान याच्या पुत्रांच्या मालिकेत एका बाजूस शबा, दुसऱ्या बाजूस हवीला आणि मध्ये ओफीर, असा क्रम येतो. या वंशावळीतील पुष्कळ नावे वस्तुतः जमातींची आणि प्रदेशांची आहेत. शबा हा दक्षिण अरबस्तानातील प्रदेश. हवीलाही बहुधा अरबस्तानाच्याच परिसरातील. दुसरा प्रकार काव्यातील. ईयोबाचे पुस्तक, स्तोत्रसंहिता आणि यशयाचा ग्रंथ यांत ओफीरचे सोने हे अत्युत्तम सोन्याचे उपमान झालेले आहे. आपल्याकडे एखाद्या गोष्टीला बावनकशी म्हणावे, तसा हा प्रयोग.

ईयोबाच्या बाविसाव्या अध्यायात तर एक लक्षणीय गोष्ट घडते. तेथे 'सोने' हा शब्द न योजता नुसते 'ओफीर' म्हटले आहे, आणि त्याचा अर्थ सोने असाच घ्यावा लागतो. गावाचे नाव तेथील मालाचे नाव झाले. शिवाय त्या ओळीत धूळ या अर्थाचा 'आफार' हा हिब्रू शब्द ओफीरच्या जवळ आणून कवीने नादाची गंमत साधली आहे. सोने धुळीत टाक, असा त्या उपदेशाचा आशय. या नादसाम्यामुळे ओफीरची व्युत्पत्ती 'धूळ' या शब्दापासून लावण्याचा मोह होतो. परंतु हिब्रू लिपीत धुळीचा शब्द 'आयिन' या वर्णाने सुरू होतो, तर ओफीर 'आलेफ' या वर्णाने. मराठी कानाला हा भेद जाणवत नाही. हिब्रूत मात्र ते दोन स्वतंत्र व्यंजनवर्ण आहेत, आणि वर्ण बदलला की धातू बदलतो. म्हणजे येथे श्लेष आहे, व्युत्पत्ती नाही. कोणी ओफीरचा अर्थ 'समृद्ध भूमी' असा सुचविला, परंतु त्यालाही भक्कम आधार नाही. नावाचा धात्वर्थ अनिश्चित आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

ओफीर हे केवळ कविकल्पनेतील नाव होते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर खापराच्या एका तुकड्याने दिले. तेल अवीवजवळच्या तेल कसीले या टेकाडावर १९४६ मध्ये इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातील एक कोरीव खापरी सापडली. तिच्यावर ओफीरच्या सोन्याचे तीस शेकेल बेथ-होरोनसाठी असल्याची व्यापारी नोंद आहे. ओफीरचे सोने ही वखारीत तोलून दिली-घेतली जाणारी जिन्नस होती, हे यावरून सिद्ध होते. मात्र ओफीर कोठे आहे, हे ती खापरी सांगत नाही.

आता सोपाऱ्याचा प्रवेश होतो, तो ग्रीक भाषेच्या दारातून. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले. त्यात ओफीरच्या जागी पुष्कळदा 'सोफीर', 'सोफेरा' अशी रूपे आढळतात. आरंभी नसलेला 'स' तेथे आला. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार जोसेफस याने, शलमोनाची गलबते गेली तो प्रदेश पूर्वी 'सोफेरा' म्हटला जाई आणि तो हिंदुस्थानात मोडतो, असे लिहिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या पंडिताने लॅटिन भाषांतर करताना ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ओफीरच्या ठिकाणी सरळ 'इंडिया' असा शब्द घातला. याच किनाऱ्याचे वर्णन करणाऱ्या 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक नाविक ग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भडोचनंतर जी बंदरे येतात, त्यांत 'सुप्पारा' आणि 'कल्लिएना' म्हणजे सोपारा आणि कल्याण ही नावे आहेत. शूर्पारक, सुप्पारक, सुप्पारा, सोफेरा, ओफीर अशी ही साखळी कानाला गोड लागते, यात शंका नाही.

या मताच्या बाजूने आणखीही पुरावा दिला जातो. 'पहिले राजे' या पुस्तकात तार्शीशी गलबते तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानर आणि मोर घेऊन येत, असे म्हटले आहे. तीन वर्षांचा प्रवास म्हणजे मोसमी वाऱ्यांची वाट पाहत केलेला दूरचा समुद्रप्रवास असावा. वानराचा हिब्रू शब्द 'कोफ'; त्याची तुलना संस्कृत 'कपि'शी करतात. मोर म्हणून ज्याचा अर्थ लावतात तो शब्द 'तुक्की'. त्याची तुलना तमिळ 'तोकै' म्हणजे मोराचा पिसारा या शब्दाशी केली जाते. हे सर्व चित्ताकर्षक आहे. मात्र हा उल्लेख ओफीरचे नाव न घेता तार्शीशी गलबतांचा म्हणून आला आहे. 'कोफ'शी जुळणारा शब्द प्राचीन ईजिप्तच्या भाषेतही आहे. आणि 'तुक्की' म्हणजे मोरच की आणखी एखादा प्राणी, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. आजच्या हिब्रूत तर 'तुक्की' म्हणजे पोपट!

येथेच थांबून नादसाम्याची परीक्षा केली पाहिजे. ओफीरवर हक्क सांगणारे सोपारा हे एकटेच नाव नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील थोर भारतविद्यापंडित ख्रिस्तियान लासेन याने ओफीरचा संबंध सिंधूच्या मुखाजवळील 'आभीर' प्रदेशाशी जोडला. आभीर म्हणजे अहीर. आणि या आभीरांच्या नावावरूनच खानदेशच्या अहिराणी बोलीचे नाव आले, असे मानले जाते. सुरतेत पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची संख्या लहान नाही. तेव्हा कोकणी श्रोत्याने सोपाऱ्याच्या जोरावर शलमोनाच्या सोन्यावर हक्क सांगावा, तर खानदेशी श्रोत्यालाही आभीराच्या जोरावर तितकाच हक्क पोहोचतो. दोघांचेही नाव ओफीरसारखे ऐकू येते. पण दोघेही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सोफाला हा तिसरा हक्कदार. नाद हा साक्षीदार असा आहे की तो प्रत्येक पक्षाच्या बाजूने साक्ष देतो.

खुद्द सुरतेच्या नावाचे उदाहरण घ्यावे. मलिक गोपी या धनिकाने या वस्तीला सूर्यावरून नाव देऊ केले आणि गुजरातच्या सुलतानाने ते बदलून कुराणाच्या अध्यायाचा वाचक असा 'सुरत' हा शब्द ठेवला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका नावात एकाला सूर्य दिसतो, दुसऱ्याला कुराणाचा अध्याय दिसतो. लोक नावाचा अर्थ शोधतात तेव्हा पुष्कळदा स्वतःला प्रिय असलेली गोष्टच त्यात शोधीत असतात.

नादसाम्य बाजूस ठेवून काळाचा आणि मालाचा विचार केला, तर अडचणी स्पष्ट होतात. शलमोनाचा काळ परंपरेने इसवी सनापूर्वीचे दहावे शतक. सोपाऱ्यास सापडलेला ठळक पुरावा मौर्यकाळापासून पुढचा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासूनचा आहे. मधले अंतर सुमारे सातशे वर्षांचे. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांच्या काळी मात्र सोपारा हे जिवंत बंदर होते. तेव्हा विस्मृतीत गेलेल्या एका जुन्या नावाला त्यांनी आपल्या काळी कानावर आलेल्या नावाचा पेहराव चढविला असणे शक्य आहे. तसे असेल, तर 'सोफीर' हे रूप शलमोनाच्या गलबतांविषयी नव्हे, भाषांतरकारांच्या काळातील व्यापाराविषयी काही सांगते. दुसरी अडचण सोन्याची. कोकणात सोन्याच्या खाणी नाहीत. ऐतिहासिक काळात तर सोन्याचा ओघ उलट दिशेने, पश्चिमेकडून हिंदुस्थानाकडे होता. पेरिप्लसच्या लेखकाने भडोचला येणाऱ्या मालात सोन्याची व चांदीची नाणी नोंदविली आहेत, आणि हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. 'उत्पत्ति'मधील शबा आणि हवीला यांच्या शेजारामुळे आज पुष्कळ अभ्यासकांचा कल ओफीर अरबस्तानात किंवा तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाच्या आसपास असावे, याकडे आहे.

यावर एक आक्षेप येऊ शकेल. खाण नसली म्हणून काय झाले? सोने दुसरीकडचे आणि बाजार सोपाऱ्याचा, असे का नसावे? हा आक्षेप विचारार्ह आहे. कारण मालाला चिकटलेले गावाचे नाव नेहमी त्याच्या उगमाचे नसते. पैठणी आज प्रामुख्याने येवल्यात विणली जाते. नाव मात्र पैठणचेच. उत्तर हिंदुस्थानात तंबाखूला 'सुरती' म्हणतात, ते ती सुरतेच्या बंदरातून तिकडे पसरली म्हणून, असे सांगतात. उद्या कोणी 'सुरती' या शब्दावरून तापीच्या वाळवंटात तंबाखूचे मूळ रान शोधू लागला, तर त्याच्या हाती काय लागणार? ओफीरही असेच एखादे पेठेचे नाव असू शकते. परंतु या युक्तिवादाने ओफीर सोपारा 'असणे अशक्य नाही' एवढेच ठरते. ते सोपाराच 'आहे' हे ठरत नाही. शक्यता आणि सिद्धता यांतील हे अंतर गावाच्या अभिमानापोटी बुजविले जाऊ नये.

'बुजविले तर बिघडले कुठे?' असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या गावाला जुन्या काळचे थोडे वैभव मिळाले, तर त्यात कोणाचे नुकसान? या प्रश्नाचे उत्तर ओफीरच्याच इतिहासात आहे. १५६८ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी प्रशांत महासागरातील एका द्वीपसमूहाला पोहोचले. ओफीर सापडले या आशेने त्या बेटांना 'सॉलोमन' हे नाव चिकटले, ते आजही टिकून आहे. ओफीरचे सोने मात्र त्यांच्या हाती लागले नाही. येथवर ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी. परंतु १८७१ मध्ये कार्ल मौख हा जर्मन प्रवासी आफ्रिकेतील झिंबाब्वे येथील प्रचंड दगडी अवशेषांपाशी पोहोचला आणि त्याने त्यांचा संबंध शलमोन व शबाची राणी यांच्याशी जोडला. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे मत सोयीचे होते. असे भव्य बांधकाम तेथील काळ्या लोकांच्या पूर्वजांचे असूच शकत नाही, ते बाहेरून आलेल्या कोणाचे तरी असले पाहिजे, असे म्हणण्यास त्यांना ओफीरचा आधार मिळाला. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून ते बांधकाम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखविले, तरीही हा भ्रम दीर्घकाळ जोपासला गेला. उसन्या वैभवाची किंमत ही अशी द्यावी लागते. बाहेरच्या राजाचे सोने आपल्या गावाच्या नावावर चढवावे, आणि त्या बदल्यात गावातील माणसांनी स्वतःच्या हातांनी जे उभारले ते विसरले जावे, हा सौदा तोट्याचा आहे.

मग सोपाऱ्याचे स्वतःचे काय आहे? फार मोठे आहे. महाभारतात शूर्पारक हे परशुरामाशी निगडित असलेले क्षेत्र म्हणून येते. पाली वाङ्मयात सुप्पारक नावाचे एक जातक आहे. त्याचा नायक भरुकच्छ म्हणजे भडोच येथील नावाडी. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले, तरीही व्यापारी त्यालाच आपल्या गलबताचा मार्गदर्शक करून नेतात आणि तो आंधळा माणूस त्यांना सुखरूप परत आणतो. भडोचच्या नावाड्याला सोपाऱ्याशी जुळणारे नाव असावे, यात या किनाऱ्याचे एकत्व दिसते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी व मौजेसाठी विहारयात्रा करीत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असा त्या लेखाचा आशय. पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडाही मिळाला. शलमोनाच्या ओफीरसाठी अनुमानांची शिडी लावावी लागते. अशोकाचा लेख मात्र दगडात कोरलेला, हाताने स्पर्श करता येण्यासारखा आहे.

त्याच वर्षी भगवानलालांनी सोपाऱ्याचा 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा विटांचा ढिगारा उकरला. तो एक बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी होती. तिच्यात मध्यभागी तांब्याचा करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. त्या सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे जपून ठेवलेले होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांनी मानले. सोपाऱ्याने जगाला दाखविलेले सोने हे असे आहे : थोडेसे, आणि तेही खापराच्या तुकड्यांच्या रक्षणासाठी वापरलेले. जुनागढचा हा गुजराती पंडित मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या आश्रयाने व सहवासात घडला, ही गोष्ट सुरतेच्या मराठी ग्रंथालयात आवर्जून सांगावी अशी आहे.

बायबलाच्या पृष्ठांवर आपला देश मुळीच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तो आहे, आणि निर्विवादपणे आहे. एस्तेर या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात, इराणच्या सम्राटाचे राज्य 'होद्दू'पासून कूश देशापर्यंत एकशे सत्तावीस प्रांतांवर होते, असे म्हटले आहे. होद्दू म्हणजे हिंदुस्थान. मूळ शब्द सिंधु. इराणी भाषांत 'स'चा 'ह' होतो. आपल्या 'सप्त'चा तिकडे 'हफ्त' झाला आणि तो मराठीत 'हप्ता' होऊन परत आला, तसाच हा प्रकार. दारयवहुच्या शिलालेखांत 'हिंदुश' आहे; हिब्रूत अनुनासिक पुढच्या 'द'मध्ये मिसळून 'होद्दू' झाले. येथे प्रत्येक पायरी नियमाने सिद्ध होते आणि कागदपत्रे तिला दुजोरा देतात. व्युत्पत्ती म्हणावी ती हिला. हिब्रूत 'उपकार माना' या अर्थाचे 'होदू' हे क्रियापदही आहे; स्तोत्रांत ते पुनःपुन्हा येते आणि त्याची अक्षरे देशाच्या नावाप्रमाणेच लिहिली जातात. तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीमात्र संबंध नाही. नादावर विसंबणाऱ्याला याहून चांगला इशारा कोणता?

त्याच पहिल्या अध्यायात आणखी सहा वाक्ये पुढे गेलो नाही, तोच राजवाड्यातील पडद्यांचे वर्णन येते. त्यात 'कर्पस' नावाचे कापड आहे. कर्पस म्हणजे संस्कृत 'कार्पास', म्हणजे आपला कापूस. शतकानुशतके कापडावर जगलेल्या सुरतेने लक्षात ठेवावा असा हा शब्द. शलमोनाच्या राजवाड्यात आपले सोने गेले की नाही, हे अनिश्चित आहे. परंतु इराणी सम्राटाच्या राजवाड्याचे वर्णन करताना हिब्रू लेखकाने आपल्या कापसाचे नाव वापरले, हे निश्चित आहे. सोन्याचा दावा डळमळतो, तेथे सुताचा धागा टिकतो.

या दोन भाषांचा संबंध केवळ शब्दांचा नाही. अठराव्या शतकात बगदाद आणि अलेप्पोकडील ज्यू व्यापारी सुरतेत राहत. अलेप्पोचा शालोम कोहेन येथून १७९८ मध्ये कलकत्त्यास गेला आणि तेथील ज्यू वसाहतीचा संस्थापक ठरला. मराठीपुरते बोलायचे, तर कोकणातील बेने इस्राएल समाजाचे स्मरण झालेच पाहिजे. आपले पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरा. तेही कोणी शलमोनाच्या काळी आले असे म्हणतात, कोणी पुष्कळ नंतर. परंतु त्यांनी कोकणाला आपले केले याचा पुरावा त्यांच्या आडनावांत आहे : किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, दिव्याचे दिवेकर. वल्हांडणाच्या सणाची हिब्रू पोथी त्यांच्यासाठी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. हिब्रू नाव आणि कोकणी गावाचे आडनाव एकत्र नांदविणाऱ्या या लोकांना सोपारा म्हणजे ओफीर ठरण्याची वाट पाहावी लागली नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दांचे खरे दळणवळण अशा परिश्रमांतून होते.

तात्पर्य, ओफीर या नावाचे महत्त्व ते नकाशावर कोठे दाखवावे यात नाही. एका पेठेचे नाव सोन्याचे नाव झाले, सोन्याचे नाव उत्तमतेचे उपमान झाले, आणि मूळ जागा हरवल्यावर प्रत्येक पिढीने ती आपल्या आशेच्या दिशेला शोधली. ज्या नावाचा ठिकाणा हरवतो, त्याच्यावर सर्वांचा हक्क सांगितला जातो. म्हणूनच तेथे पुराव्याचे पथ्य अधिक कडकपणे पाळावे लागते. सोपारा ओफीर नसेलही. त्याने सोपाऱ्याचे काही उणे होत नाही.

शेवटी एका लेखाचा उल्लेख करून हे व्याख्यान पूर्ण करणे उचित होईल. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे; काळ सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारा येथे वाटसरूंसाठी निवाऱ्याच्या वास्तू बांधल्या, आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर पैसे न घेता उतारू नेणाऱ्या नावा ठेवल्या. पार, दमणगंगा, डहाणूची खाडी आणि सुरतेची तापी ही नावे त्या दगडावर आजही वाचता येतात. यांपैकी कोणत्याही नावासाठी अनुमानाची गरज नाही. फ्लाइंग राणीत बसलेला प्रवासी त्याच वाटेने जातो. शलमोनाचे सोने या वाटेवर आले होते किंवा नाही, हे सांगता येत नाही. पण परक्या वाटसरूला तापीपार मोफत नेणारी नाव येथे होती, हे सांगता येते. पैलतीरी जाऊ इच्छिणाऱ्यासाठी नाव ठेवणे हेच काम परप्रांतातील मराठी ग्रंथालय शंभर वर्षे करीत आले आहे. त्या नावेत बसणाऱ्यांनी ऐकीव वैभवाची पारख ग्रंथांच्या आधारे करावी, एवढीच या प्रसंगी सर्वांना प्रार्थना.